ताई, मी स्कूल बोर्डाला उभी राहतेय, ही यादी जरा बघा ना

पत्र असं आहे (थोडं छोटं केलंय):

"ताई, मी न्यू जर्सीत राहते, दोन्ही मुलं इथल्या पब्लिक स्कूलमध्ये, एक पाचवीत एक आठवीत. या नोव्हेंबरला आमच्या टाऊनच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनला उभी राहतेय. फॉर्म भरून झालाय, तीन जागा आहेत, पाच जण उभे आहेत. आता फ्लायर छापायचाय आणि माझ्या प्रायॉरिटीजची यादी अकरावर गेलीये. टॅक्स कमी, वर्गात मुलं कमी, शाळेचं रँकिंग वर, मॅथ ॲक्सेलरेशन, सगळ्यांना बस, मेंटल हेल्थ, सेफ्टी, दिवाळीची सुट्टी, स्टेम लॅब, स्पेशल एज्युकेशन आणि रीडिंग. नवरा म्हणतो एवढं तर गव्हर्नर पण प्रॉमिस करत नाही. मैत्रिणी म्हणतात एकही काढू नकोस, मतं जातील. त्यात ऑक्टोबरमध्ये कँडिडेट नाईट आहे, म्हणजे लोकांसमोर उमेदवारांची प्रश्नोत्तरं, मला माझ्या ॲक्सेंटचं टेन्शन आलंय. काय ठेवू, काय काढू? – गोंधळलेली उमेदवार"

अगं गोंधळलेली, तुझ्या नवऱ्याचं वाक्य वाचून मी एकटीच हसत बसले होते, कारण माझ्या पहिल्या फ्लायरवर नऊ मुद्दे होते आणि मी चांगली आपटले होते. पुढच्या खेपेला निवडून आले, मग दोन टर्म म्हणजे सहा वर्षं काढली, त्यामुळे आता जे सांगतेय ते पुस्तकातलं नाही, आपटून शिकलेलं आहे.

तुझ्या यादीत वाईट काहीच नाहीये, प्रॉब्लेम तो नाहीच. प्रॉब्लेम हा आहे की त्यातले चार मुद्दे बोर्डाच्या हातात नाहीत किंवा अर्धेच आहेत, दोन एकमेकांच्या उरावर बसलेत, आणि जे खरंच तुझ्या हातात येणारेत ते तू सगळ्यात खाली टाकलेस. रीडिंग अकराव्या नंबरवर!

आधी बोर्ड काय करतं ते नीट समजून घे, कारण अर्ध्या मतदारांना माहीत नसतं आणि खरं सांगू का, निम्म्या उमेदवारांना पण नसतं. न्यू जर्सीत बहुतेक बोर्डांवर नऊ जण असतात, तीन वर्षांची टर्म, पगार शून्य. सुपरिंटेंडंट, म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टच्या (टाऊनच्या सगळ्या पब्लिक स्कूल्सच्या) वरचा मुख्य अधिकारी, निवडायचा, दरवर्षी त्याच्या कामाचं मूल्यमापन करायचं, बजेट पास करायचं, पॉलिसी ठरवायच्या, शिक्षकांच्या युनियनशी झालेलं काँट्रॅक्ट मंजूर करायचं. झालं. अमक्या शिक्षिकेला काढा, तमक्या कोचला बदला, माझ्या मुलीचा सेक्शन बदलून द्या, यातलं काहीही बोर्ड मेंबर करत नाही. शिक्षक नेमायचा तरी सुपरिंटेंडंटने नाव सुचवल्याशिवाय बोर्डाला नेमता येत नाही. निवडून आल्यावर जो कोड ऑफ एथिक्स तुझ्यापुढे येईल त्यात हेच आहे, की शाळा चालवणं तुझं काम नाही, त्या नीट चालतायत ना हे बघणं तुझं काम आहे. आणि एकट्या मेंबरला कसलाच अधिकार नसतो बरं का, नवातली पाच मतं लागतात. म्हणजे निवडून आल्यावर पहिलं काम म्हणजे अजून चार माणसं पटवणं, ज्यातली दोन तू ज्यांच्याविरुद्ध उभी आहेस तीच असू शकतात, तेव्हा प्रचारात जीभ जरा सांभाळून.

आता यादीतल्या प्रत्येक मुद्द्याला दोन प्रश्न विचार. याला पाच मतं मिळाली तर शाळेत नेमकं काय बदलेल? आणि पैसे कुठून येतील? उत्तर आलं नाही तर मुद्दा खोड.

टॅक्स कमी आणि वर्गात मुलं कमी हे दोन्ही एकाच फ्लायरवर छापू नकोस, हात जोडून सांगते. समज एका ग्रेडमध्ये १०० मुलं आहेत, चार वर्ग, प्रत्येकी २५. तुला २० हवीत म्हणजे पाचवा वर्ग हवा, म्हणजे एक शिक्षक आणि एक खोली. हेच किंडरगार्टन ते पाचवी केलंस तर सहा शिक्षक, सहा खोल्या, त्यांचा पगार, हेल्थ इन्शुरन्स, सगळं. आणि पैसे? न्यू जर्सीत २०१० च्या कायद्याने शाळेच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या रकमेवर वर्षाला २ टक्के वाढीची कॅप आहे, काही सवलती सोडल्या तर. समज तुमचा लेव्ही, म्हणजे शाळेसाठी गोळा होणारा हा टॅक्स, ५ कोटी डॉलरचा आहे, तर वाढ मिळणार १० लाखांची, आणि त्यातून आधी करारातली पगारवाढ जाणार, मग इन्शुरन्स जाणार, मग बस काँट्रॅक्टर येऊन उभा राहणार. जे उरेल (उरलं तर) त्यात तुझे सहा शिक्षक बसव बघू.

मला हे कळलं ते एका दारात. पहिल्या प्रचारात एका आजोबांचं दार वाजवलं, सत्तरीचे असतील, हातात चष्मा, मागे टीव्हीवर बेसबॉल चालू. त्यांनी फ्लायर घेतला, चष्मा लावला, सगळे नऊ मुद्दे सावकाश वाचले, आणि एकच विचारलं, "यातलं कुठलं माझ्या टॅक्समधून होणार आणि कुठलं होणारच नाहीये?" मी काहीतरी बोलले, एफिशियन्सी वगैरे, आजही आठवलं की लाज वाटते. त्यांनी फ्लायर घडी घालून मला परत दिला. परत दिला गं! कचऱ्यात टाकला असता तरी चाललं असतं.

रँकिंग खोड. मला माहितीये आपल्या लोकांना ते फार प्रिय असतं, घर घेताना पण शाळेचा नंबर बघून घेतो आपण, पण रँकिंग बोर्डाच्या ठरावाने वर जात नाही. ते मोठ्या प्रमाणात टेस्ट स्कोअरवर बसवलेलं असतं आणि स्कोअरमध्ये घरची कमाई, आईवडिलांचं शिक्षण, बाहेरचे क्लासेस हे सगळं मिसळलेलं असतं. शाळेने काय शिकवलं आणि शनिवारच्या ट्यूशनने काय शिकवलं हे त्या आकड्यातून कळतच नाही.

मॅथ ॲक्सेलरेशनवर मतभेद होतील तुझे माझे. तो विषय खरा आहे, कुणाला पुढच्या मॅथमध्ये घालायचं याची पॉलिसी बोर्डासमोर येऊ शकते. पण तो तुझ्या मैत्रिणींच्या मुलांचा मुद्दा आहे, आणि तू सगळ्या डिस्ट्रिक्टकडे मतं मागतेयस. ठेवायचाच असेल तर असा विचार, की पुढच्या मॅथला जायची परीक्षा कधी असते, कशी असते, हे सगळ्या पालकांना कळतं का, का फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवाल्यांना कळतं? हा प्रश्न सगळ्यांचा आहे.

दिवाळीची सुट्टी. हे बोर्डाच्या हातात आहे, कॅलेंडर बोर्डच पास करतं. पण १८० दिवस शाळा भरवावीच लागते, म्हणजे इकडे एक दिवस दिला की तिकडे जूनमध्ये एक वाढतो, आणि मग इतर समाजांचेही सण आहेतच, त्यांना तू काय सांगणार? कुणी विचारलं तर बेधडक हो म्हण, मी पण म्हणायचे. फ्लायरवर पहिल्या पानावर नको, नाहीतर तीन वर्षं तुझी ओळख सुट्टीवाली बाई.

बसचा मुद्दा मात्र मस्त आहे, फक्त "सगळ्यांना बस" हे चूक. राज्याचा नियम असा की आठवीपर्यंत घर शाळेपासून २ मैलांपेक्षा लांब असेल आणि हायस्कूलला अडीच मैलांपेक्षा, तरच डिस्ट्रिक्टने बस द्यायलाच हवी. त्याच्या आतल्या मुलांना दिली तर ती कर्टसी बसिंग, ती डिस्ट्रिक्टच्या मर्जीवर आणि डिस्ट्रिक्टच्याच खिशातून. माझ्या दुसऱ्या वर्षी एक आई मीटिंगला आली, फोनवर मॅप काढून, १.९ मैल. मधे चार लेनचा रस्ता, एका बाजूला फुटपाथच नाही. तिला बोलायला तीन मिनिटं, तिने पहिला दीड मिनिट नुसता त्या रस्त्याचा व्हिडिओ दाखवला, ट्रकचा आवाज अख्ख्या मीडिया सेंटरमध्ये (शाळेच्या लायब्ररीत, मीटिंग तिथेच असते), कुणी काही बोललं नाही. नियमाने तिला बस मिळत नव्हती. धोक्याच्या रस्त्यांसाठी पॉलिसीत जागा असते पण ती यादी कित्येक वर्षांत कुणी उघडूनच बघितली नव्हती. आम्ही ती उघडली, टाऊनच्या पोलिसांबरोबर रस्ते बघितले, काहींना बस दिली, काही ठिकाणी क्रॉसिंग गार्ड. बघ, हा झाला मुद्दा. "धोक्याच्या रस्त्यांची यादी दरवर्षी तपासणार." छोटा आहे, पण तो तू खरंच करू शकतेस.

सेफ्टी आणि स्टेम लॅबवर मी वेळ घालवत नाही. सेफ्टी नको म्हणणारा अजून जन्मायचाय, आणि लॅब चालवायला शिक्षक असेल तर लॅब, नाहीतर कुलूप.

मेंटल हेल्थ हा नुसता शब्द आहे, त्याला माणसं जोड. एका काउन्सेलरमागे किती मुलं आहेत तुमच्याकडे? अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशन म्हणतं २५० ला एक असावा. तुमचा आकडा काढ. आणि अजून एक विचार, कोविडच्या काळात फेडरल मदत आली होती, त्यातून खूप डिस्ट्रिक्ट्सनी काउन्सेलर आणि इंटरव्हेन्शनचे (मागे पडलेल्या मुलांना वेगळं शिकवणारे) शिक्षक घेतले, ते पैसे वापरायची मुदत सप्टेंबर २०२४ ला संपली. तुमच्याकडे त्यातली किती माणसं राहिली आणि किती गेली? कँडिडेट नाईटला हा एक प्रश्न तू नुसता मांडलास तरी बाकीचे चार जण पाण्याचा ग्लास उचलतील.

आता तुझा अकरावा नंबर. रीडिंग पहिलं घे, आणि "वाचनाची गोडी" वगैरे मोघम नको. मूल तिसरीच्या शेवटापर्यंत नीट वाचू लागलं नाही तर पुढे सायन्स, सोशल स्टडीज, मॅथमधली शब्दांची गणितं, सगळीकडे अडतं, कारण तिथून पुढे सगळं वाचूनच शिकायचं असतं. आणि राज्याची परीक्षा पण तिसरीपासून सुरू होते, म्हणजे कागदावर आकडा दिसेपर्यंत चार वर्षं निघून गेलेली असतात. या देशात बरीच वर्षं खूप शाळांमध्ये मुलांना चित्र बघून, वाक्याच्या अंदाजाने शब्द ओळखायला शिकवलं गेलं, अक्षराचा आवाज आणि आवाजांची जोडणी मागे पडली. आपण मराठीत क ला काना का करत मोठे झालो त्यामुळे आपल्याला हे ऐकूनच विचित्र वाटतं, पण झालंय खरं. मिसिसिपी, ज्या राज्याला सगळे नावं ठेवायचे, त्यांनी २०१३ मध्ये कायदा केला, शिक्षकांना फोनिक्सचं, म्हणजे अक्षर-आवाज जोडून वाचायला शिकवायचं, ट्रेनिंग दिलं, शाळांमध्ये रीडिंग कोच पाठवले, लहान मुलांची तपासणी लवकर सुरू केली, आणि चौथीच्या राष्ट्रीय वाचन परीक्षेत तळाजवळून वर येत २०२४ ला देशाच्या सरासरीच्या पुढे गेले. (तिसरीत वाचता आलं नाही तर मुलाला मागे ठेवायचं, हेही त्यांच्या कायद्यात आहे, त्यावर भरपूर भांडणं आहेत, मला स्वतःला ते पटत नाही.) न्यू जर्सीनेही २०२४ मध्ये कायदा केलाय, किंडरगार्टन ते तिसरीच्या मुलांचं वाचन वर्षातून निदान दोनदा तपासायचं आणि पालकांना कळवायचं.

मग बोर्डाचं काय काम यात? तपासणी होईल गं, रिपोर्ट घरी येईल, पुढे काय? ज्या मुलांचं वाचन मागे दिसलं त्यांना आठवड्यात किती वेळ, कोण शिकवणार, किती मुलांच्या ग्रुपमध्ये? शिक्षकांना ट्रेनिंगसाठी दिवस दिलेत का? जुनं रीडिंग मटेरियल अजून वर्गात आहे का? हे सगळं बजेटमध्ये दिसतं, आणि बजेटला मत तू देणार. म्हणून फ्लायरवर लिही, "वाचनात मागे पडलेल्या प्रत्येक मुलाला मदत मिळतेय का, याचा रिपोर्ट वर्षातून दोनदा जाहीर मीटिंगमध्ये." एवढंच. कुणाशी भांडण नाही, आणि पाच मतं मिळण्यासारखं आहे.

दुसरं स्पेशल एज्युकेशन, म्हणजे अपंगत्वामुळे शिकायला खास मदत लागणाऱ्या मुलांचं शिक्षण. यावर उमेदवार फार जपून बोलतात कारण खर्चाचा विषय आहे आणि शेजारी कुजबुजतात की "त्या मुलांवर किती पैसा जातो". १९७५ च्या फेडरल कायद्याने अशा प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आणि काँग्रेसने (इथल्या संसदेने) त्यासाठी देशातल्या एका मुलामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत द्यायचं ठरवलं होतं, तो आकडा आजपर्यंत एकदाही गाठलेला नाही, त्यामुळे उरलेलं राज्यावर आणि टाऊनवर पडतं. मुलाची सोय आपल्या शाळेत होत नसेल तर बाहेरच्या खास शाळेत पाठवावं लागतं, फी आणि रोजची गाडी डिस्ट्रिक्टकडे. तेव्हा विचारायचा प्रश्न हा की आपल्याच शाळेत कुठले प्रोग्रॅम उभे केले तर मुलं आपल्या भावंडांबरोबर, आपल्या टाऊनमध्ये शिकतील? काही मुलांना बाहेरचीच शाळा योग्य असते, तिथे हात आखडायचा नाही. आणि पॅराप्रोफेशनल्स, म्हणजे मुलाबरोबर दिवसभर बसणाऱ्या त्या बायका (बहुतेक बायकाच असतात), त्यांचा तासाचा पगार काय आहे ते बघ, मग त्या वर्षाच्या मध्यावर का सोडून जातात हे वेगळं विचारावं लागणार नाही. तुझ्या ओळखीत आयईपी (अशा मुलासाठी शाळेने लिहून दिलेला शिक्षणाचा प्लॅन) असलेल्या मुलांच्या आया असतील, त्यांच्याकडे चहाला जा आणि गप्प बसून ऐक. मी हे फार उशिरा केलं.

तिसरं तुझ्या यादीत नाहीच, हजेरी. न्यू जर्सीत वर्षाच्या १० टक्के दिवस मूल गैरहजर असेल तर ते क्रॉनिकली ॲबसेंट धरतात, म्हणजे १८० पैकी १८ दिवस. हे कोविडनंतर देशभर खूप वाढलं. यात आजारी मुलं आहेत, शाळेची भीती बसलेली मुलं आहेत, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिलेली मुलं आहेत, आणि... आपण आहोत. डिसेंबरमध्ये विंटर ब्रेकला जोडून चार आठवडे इंडिया, तिकीट स्वस्त पडतं म्हणून. त्यातच दहा-बारा दिवस गेले, मग दोनदा ताप आला की १८ भरलेच. मी पण केलंय, बोलायला तोंड नाही मला. पण तू हा मुद्दा घेतलास तर समोरून कुणीतरी हे विचारणारच, तयारीत राहा, आणि हसून कबूल कर.

बरं, हे सगळं बोलायचं तर आकडे हवेत आणि ते तुझ्या हाताशीच आहेत, हातच्या काकणाला आरसा कशाला. डिस्ट्रिक्टच्या वेबसाईटवर यूजर फ्रेंडली बजेट नावाची फाईल असते, टाकावीच लागते त्यांना. नाव फसवं आहे, फ्रेंडली काही नाही त्यात, पण दोन संध्याकाळ दिल्यास की कळायला लागतं, मुलामागे खर्च किती, सुपरिंटेंडंटचं काँट्रॅक्ट काय, शिल्लक किती. दुसरी गोष्ट राज्याचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट, प्रत्येक शाळेचा वेगळा, त्यात वाचन, हजेरी, काउन्सेलर, सगळं. प्रिंट काढ, पिवळ्या हायलायटरने रंगव. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या बोर्ड मीटिंगला जाऊन बस, मागच्या रांगेत. कोण न वाचता हो म्हणतं आणि कोण अजेंड्याच्या चौदाव्या पानावर प्रश्न विचारतं ते तासाभरात कळतं.

कँडिडेट नाईट आणि ॲक्सेंट. अगं, ॲक्सेंटने कुणी हरत नाही, पाल्हाळाने हरतं. तुझं वाक्य लहान ठेव. माहीत नसेल तर "हे मला माहीत नाही, बघून सांगते" म्हण आणि खरंच बघून सांग. एक प्रश्न नक्की येणार, लायब्ररीतल्या पुस्तकांचा, आणि तिथे आवाज चढतात. न्यू जर्सीत डिसेंबर २०२४ मध्ये फ्रीडम टू रीड ॲक्ट झालाय, पुस्तकं निवडायची आणि त्यावर हरकत आली तर काय करायचं याची पॉलिसी बोर्डाने करायची आहे. तुमच्या डिस्ट्रिक्टची पॉलिसी आधी वाचून जा, आणि तुझं मत सरळ सांग, दोन्ही दगडांवर पाय नको, तिथे बसलेल्यांना ते लगेच कळतं.

मैत्रिणींची मतं जातील म्हणतेस? त्या तुलाच देणार आहेत, सुट्टी असो नसो. फक्त त्यांना एक सांगून ठेव, २०१२ नंतर बहुतेक टाऊन्सनी शाळेची निवडणूक नोव्हेंबरमध्ये नेली, त्यामुळे बॅलटवर वर मोठमोठी नावं असतात आणि आपण खाली कोपऱ्यात. लोक वरची मतं देऊन निघून जातात. पोस्टाने मत देणारे तर पान उलटतच नाहीत. तुझा फ्लायर तीन मुद्द्यांचा झाला ना, की मोकळ्या झालेल्या जागेत मोठ्या अक्षरात लिही, खालपर्यंत बघा.

आणि ते आजोबा. दुसऱ्या प्रचारात परत गेले त्यांच्याकडे, या वेळी तीन मुद्दे आणि बजेटचं एक पान घेऊन. त्यांनी मला वीस मिनिटं दारात उभं केलं, लेव्हीपासून लीफ ब्लोअरपर्यंत सगळ्याची तक्रार केली, पेन मागून माझ्या पानावर एक बेरीज तपासली. फ्लायर या वेळी ठेवून घेतला. लॉनवर साईन लावू का विचारलं तर म्हणाले, अजिबात नाही.